तुरळक ठिकाणी गारपीट

अमरावतीच्या माणसाला हवामानाच्या बाबतीत एक जुनं दुखणं आहे. उन्हाळ्यात अकोला तापतं आणि देशभरच्या बातम्यांत झळकतं. हिवाळ्यात नागपूर-गोंदिया गारठतं आणि पहिल्या पानावर येतं. अमरावती उन्हाळ्यात अकोल्याच्या बरोबरीनं भाजते, हिवाळ्यात नागपूरच्या बरोबरीनं कुडकुडते, पण तिचं नाव कुठे? आतल्या पानावर, बुलडाणा आणि यवतमाळच्या मधे, बारीक टायपात. खुशालराव ढोके सरांना हे सहन होत नसे. जन्मभर पोरांना भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि भूगोलाच्या मास्तरला आपल्या गावाच्या पाऱ्याचा जो अभिमान असतो तो इतिहासवाल्याला कळायचा नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी सरांनी स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशा थरांत बसून पेपर उघडला आणि तक्त्यावर बोट आपटलं.

"हे साफ खोटं आहे."

"कोन खोटं बोललं?" इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सरांच्या सौभाग्यवती. सकाळी सकाळी कोणीतरी खोटं बोललेलं असणं त्यांच्या घरात नवीन नव्हतं.

"अमरावतीचं तापमान. आपल्या कॉलनीत याच्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी आहे. माझे गुडघे सांगतात."

"मंग गुडघ्याईचं छापा म्हना."

बाई सहज बोलल्या, पण सरांच्या ते मनात बसलं. गुडघे हा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे उपकरण. त्याच दिवशी ते जयस्तंभाजवळ जाऊन एक चांगलं थर्मामीटर घेऊन आले आणि गच्चीच्या कठड्याला सुतळीनं बांधलं. एवढंच करायचं होतं. माणसाचं वाटोळं होतं ते अशा एवढंच करायच्या गोष्टींनीच.

अनुराग कॉलनीत गच्चीवर कोणी नवीन सुतळी बांधली तरी संध्याकाळपर्यंत चार जण चौकशी करून जातात. पहिले आले शेजारचे नत्थुजी. एसटीत कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. बोलताना अजूनही समोरच्याला प्लॅटफॉर्मवरचा प्रवासी समजायचे.

"सर, हे असं उघड्यावर बांधून नाही चालत. ऊन पडलं का काटा वर, वारा लागला का खाली. याले डब्बा पाहिजे."

सरांना ते ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकात चित्रच होतं, पांढऱ्या झिलमिलीच्या पेटीचं. पण नत्थुजींनी सांगायच्या आधी आपण बसवली नाही हे मनाला लागलं. त्यांनी सुताराला पुस्तकातलं चित्र दाखवलं. सुतारानं ते नीट पाहिलं, मान डोलावली, आणि आठवड्याभरानं जे आणलं त्याला पुढून कमान होती, वर कळस होता आणि आत लहानसा चौरंग होता. त्यानं तो देव्हारा धरला होता. कळस काढून घेताना तो हळहळला. पेटी पांढऱ्या रंगानं रंगवून गच्चीवर चार पायांवर उभी राहिली तेव्हा कॉलनीत दोन मतं पडली. काहींच्या मते सर कबुतरं पाळणार होते आणि काहींच्या मते सरांना कशाचा तरी नवस होता.

मग सरांनी रोज सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किमान तापमान टाकायला सुरुवात केली. आणि मोठी नामुष्की झाली. पेटीतलं थर्मामीटर पेपरपेक्षा जास्त तापमान दाखवू लागलं. अनुराग कॉलनी अमरावतीतली सगळ्यांत ऊबदार वस्ती ठरली. सरांनी यंत्र बदललं, जागा बदलली, पेटीचं तोंड उत्तरेला केलं. पारा ऐकेना. शेवटी इंदूबाई वाळवण पाहायला पहाटेच वर गेल्या तेव्हा उलगडा झाला. त्या चौरंगावर, थर्मामीटरच्या कुशीत, कॉलनीतला लठ्ठ बोका निवांत झोपला होता. इतके दिवस अनुराग कॉलनीचं म्हणून जे तापमान प्रसिद्ध होत होतं ते त्याच्या पोटाचं होतं.

"आता आपल्याला प्रमाणित करून घेतलं पाहिजे," सर म्हणाले. एकदा माणसाची फजिती झाली की त्याला सरकारी शिक्का हवासा वाटतो.

अमरावतीतल्या एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं की असलं काम अकोल्याला होतं. सर थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून, लेकरासारखं मांडीवर घेऊन, एसटीनं अकोल्याला गेले. खिडकीची काच बंद होत नव्हती, त्यामुळे मूर्तिजापूरपर्यंत सरांना थंडीचा अभ्यास फार जवळून करता आला. अकोल्यातल्या कार्यालयात एका टेबलामागे एक गृहस्थ स्वतःच टोपरं बांधून बसले होते.

"तापमान मोजाले काही परवानगी लागते काय?" गृहस्थांनीच विचारलं.

"नाही बहुतेक," सर म्हणाले.

"मंग आले काऊन?"

"यंत्र बरोबर आहे का एवढं तपासून हवं होतं."

"तपासाचं पत्र तुमच्या जिल्ह्यातून आलं पाहिजे."

"त्यांनीच इकडे पाठवलं."

"तोंडी पाठवलं. तोंडी पाठवलेला माणूस आमी माणूस धरत नाही." मग त्यांना दया आली असावी. "जागा कशी आहे? चारी बाजूनं मोकळं मैदान, खाली गवत पाहिजे."

"गच्ची आहे. बाजूला पाण्याची टाकी आहे."

गृहस्थांनी टोपऱ्यातून सरांकडे पाहिलं. "सर, तुमच्या घरची थंडी ही तुमची घरगुती बाब आहे. सरकार त्यात पडत नाही."

सर परत आले ते वेगळाच माणूस होऊन. सरकार मोजून घेत नाही ना? मग आपण मोजूच नये. आपण पुढचं सांगावं. मोजणारे कारकून असतात. सांगणारा जाणता असतो.

पुढचं सांगायचं शास्त्र सरांना खरोखर येत होतं, हे इथं न्यायानं नमूद केलं पाहिजे. नकाशावर वाऱ्यांच्या रेषा पाहून त्यांना पोराबाळांचे चेहरे पाहिल्यासारखं वाटायचं. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसून त्यांनी मंडळींना समजावलं, "हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात निघतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर आदळतात. तिकडे बर्फ पडतो, आणि ते पुढे सरकले की मागून उत्तरेची गार हवा खाली घसरते. ती थेट आपल्यापर्यंत येते."

"पश्चिमेकडून आपल्याले आजपर्यंत कधी काही चांगलं आलं काय?" नत्थुजींनी विचारलं. "निधी तिकडेच अडते अन थंडी तेवढी बरोबर इकडे येते."

यावर बाकावर विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा सुरू झाली ती सगळे जेवायला उठेपर्यंत. झंझावात हिमालयातच राहिला.

पण सरांनी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं की काश्मीरात बर्फ पडतो आहे, लवकरच आपल्याकडे कडाक्याची थंडी येईल. आणि ती आली. अशी आली की सकाळच्या शाळांच्या वेळा पुढे ढकलल्या गेल्या. सरांचा भाव वधारला. ग्रुपचा ॲडमिन किशोर, हा विमा एजंट, त्यानं ग्रुपवर सरांच्या नावापुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं आणि त्यांना 'हवामान सर' अशी पदवी दिली. मग काय विचारता! सर, उद्या पापड घालू काय? सर, सासूबाईले गावाहून आनाचं हाये, आभाळ कसं राहीन? सर, पोराले कानटोपी लागन का नाही? इंदूबाईंच्या भाजीवाल्यानंसुद्धा मेथीच्या जुडीबरोबर दोन दिवसांचं हवामान विचारून घेतलं. सर प्रत्येकाला सविस्तर उत्तर देत. जन्मात पहिल्यांदा लोक त्यांना आपण होऊन भूगोल विचारत होते.

चांदूर बाजारहून पार्बताबाईचाही फोन आला. पार्बताबाई ही सरांची धाकटी बहीण. तिच्या घरी संत्र्याची बाग होती, तूर होती, आणि देवराव नावाचे, कोणाचंही न ऐकणारे यजमान होते.

"दादा, तू आता आभाळाचं सांगतं म्हनतात!" तिला कोण कौतुक. "आमची तूर खळ्यात पडली. थ्रेशरवाला इतवारी येऊन राहिला. येऊ देऊ काय?"

त्याच रविवारी कॉलनीची रोडग्यांची पार्टी ठरली होती, दर्यापूर रोडवर किशोरच्या सासऱ्यांच्या शेतात: गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि सोबत वांग्याची भाजी. सरांनी नकाशे पाहिले. एक दणदणीत झंझावात येत होता. त्यांनी दोन्हीकडे एकच सांगितलं: रविवारी पाऊस. पार्टी रद्द झाली. वांगी घरोघरी वाटली गेली. पार्बताबाईनं थ्रेशर परत पाठवलं आणि तुरीवर ताडपत्री ओढली.

रविवारी असं लख्ख ऊन पडलं की सातपुड्याच्या डोंगरावरचं झाड न झाड मोजता यावं. सर दिवसभर गच्चीवर बसून उत्तरेकडे पाहत होते. एखादा चुकार ढग दिसला की उठून उभे राहत होते. ढगाचंही काही ऐकण्याचं लक्षण नव्हतं.

"झंझावात आला होता," संध्याकाळी ते बाकावर म्हणाले. "पण सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून निघून गेला."

"म्हंजे गाडी आली," नत्थुजी म्हणाले, "पन आपल्या ष्टॉपवर नाही थांबली."

हशा झाला. हशा एकदा झाला की थांबत नाही. घरोघरी आठवडाभर वांग्याचीच भाजी होती, आणि प्रत्येक घासाला लोकांना सर आठवत होते. किशोरनं ग्रुपवरची पदवी बदलली. 'हवामान सर'मधला मान गेला आणि नुसते 'हवा सर' उरले. पोरंटोरं गच्चीखालून जाताना वर पाहून विचारायची, "सर, आज सूर्य उगवन काय?"

खरा घाव मात्र चांदूर बाजारहून आला. परत गेलेलं थ्रेशर दुसऱ्या गावी लागलं आणि पुढचे कितीतरी दिवस फिरकलं नाही. तूर खळ्यात पडून राहिली, पाखरांनी खाल्ली, डुकरांनी उकरली. देवरावांनी स्वतः फोन केला. देवराव जावई माणूस, एरवी सरांशी चार शब्द बोलायचे तेही 'बरं हाये' असेच.

"सर, तुमी आपले पोरं शिकवा," ते म्हणाले. "आभाळ आमच्यावर सोडा."

सरांना शिकवायला पोरंही उरली नव्हती. ही गोष्ट देवरावांना ठाऊक होती की सहज बोलून गेले, यावर सरांनी पुढे अनेक दिवस विचार केला. त्यांनी ग्रुपवर लिहिणं बंद केलं. पेटी बोक्याला देऊन टाकली. नकाशे मात्र ते रोज पाहत. दारुड्यानं जसं कोणी नसताना कपाट उघडावं तसे, इंदूबाई मंदिरात गेल्या की पाहत.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी त्यांनी नकाशा उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वरून झंझावात येत होता, या वेळी चांगलाच खाली उतरून. त्याच्या मागे उत्तरेची थंडगार हवा. आणि खालून, बंगालच्या उपसागराकडून, ओलसर गरम वारा. दोघांची गाठ पडणार होती ती नेमकी वऱ्हाडावर. जन्मभर फळ्यावर खडूनं काढलेली आकृती आभाळात उतरत होती. गारा. रविवारी दुपारनंतर. सरांना त्यात तिळमात्र शंका नव्हती.

मोबाईलवर अंदाज होता तो नेहमीचा: विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस व गारपीट. हे तुरळक ठिकाण मोठं विलक्षण आहे. दर वर्षी तिथे गारा पडतात, विजा पडतात, पत्रे उडतात, पण ते आपलं गाव आहे असं कोणालाच वाटत नाही. धामणगाववाल्याला वाटतं ते मोर्शीत असावं, मोर्शीवाल्याला वाटतं ते अकोटकडे.

सरांनी खूप आवरलं. पण संध्याकाळी त्यांच्या अंगठ्यांनी लिहिलंच: "रविवारी दुपारनंतर अमरावती जिल्ह्यात मोठी गारपीट. उघड्यावरचे कार्यक्रम टाळावेत. — ढोके."

उत्तरं भराभर आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे पिवळे चेहरे. मग किशोरचा संदेश: "मंडळी, रोडग्यांची पार्टी या रविवारी फिक्स! हवा सर म्हणतात पाऊस, म्हणजे ऊन पक्कं!" त्याला सगळ्या कॉलनीनं वर केलेले अंगठे पाठवले. नत्थुजींनी तर दोन-दोनदा.

सर तो पडदा पाहत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. पार्बताबाई.

"दादा, एक विचाराचं होतं. संत्र्याचा व्यापारी म्हनते, उद्याच तोड करून घेतो. हे म्हनतात बुधवारी करू, अजून रंग चढन. इतवारी वातावरण कसं राहीन?"

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून देवरावांचा आवाज आला, फोनपासून लांब, पण पुरेसा मोठा: "विचार, विचार! हवामान खात्याले विचार. माह्या तुरीची खबर इचारजो त्याले!" आणि त्यामागे घरातल्या कोणाचं तरी हसणं.

"मला काही मालूम नाही," सर म्हणाले.

"असं काय करतं? तुले तं सारं समजते."

"मोबाईलात पाहा. सगळ्यांकडे आहेत मोबाईल."

"मोबाईलात नुसता ढग दिसते रे दादा. तू सांग ना."

"सांगितलं ना, मला मालूम नाही म्हणून!"

"बरं," ती म्हणाली. "तब्येतीले जपजो. थंडी हाये." आणि तिनं फोन ठेवला.

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "सांगून द्या ना तिले. लावा परत फोन."

"देवरावांनी आभाळ स्वतःकडे ठेवलं आहे," सर म्हणाले. "त्यांना पाहू दे."

शनिवारी इंदूबाईंनी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा सर इतके ओरडले की पुढे त्या काढेनात.

रविवारी सकाळी कॉलनी वांगी, कणीक आणि गोवऱ्या घेऊन दर्यापूर रोडला गेली. जाताना किशोरनं खालून आवाज दिला, "सर, छत्री नेऊ काय?" ऊन लख्ख होतं. सर गच्चीवर जाऊन बसले. दुपारी जेवायला खाली आले नाहीत. ऊन तसंच. ग्रुपवर फोटो येत होते: रोडग्यांची रास, वांग्याच्या भाजीचं पातेलं, गॉगल लावलेले नत्थुजी. ते आभाळाकडे पाहून मनापासून म्हणाले, ये. एकदा तरी ये. त्यांनी देवाजवळ कधी नोकरी मागितली नव्हती, मूल मागितलं नव्हतं. त्यांनी गारा मागितल्या.

मग वायव्येकडे आभाळ काळंनिळं झालं. वारा पडला. पाखरं गप्प झाली. एकदम गार झुळूक आली, आणि पाण्याच्या टाकीवर पहिला टणका बसला. मग दुसरा. मग आवाजच आवाज. पेटीची झिलमिली फुटली, बोका कुठल्या कुठे पळाला, आणि लिंबाएवढ्या गारा गच्चीवर उसळ्या मारू लागल्या. साठी उलटलेले, डोक्यावर मफलर गुंडाळलेले ढोके सर त्या गारांत उभे राहून ओरडत होते, "आली! आली! मी सांगितलं होतं! शुक्रवारी सांगितलं होतं!"

जिन्याच्या दारातून इंदूबाईंनी त्यांना बाहीला धरून आत ओढलं. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि चेहरा पोरासारखा फुलला होता.

"चांदूरकडेच गेलं नं हे?" इंदूबाईंनी विचारलं.

सरांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी फोन लावला. लागत नव्हता. लाइन गेली असेल, टॉवर पडला असेल. ते पुन्हा पुन्हा लावत राहिले.

संध्याकाळी कॉलनी परत आली ती भिजून, चेपून, गाड्यांच्या काचा फुटून. मांडव उडाला होता, रोडगे वाहून गेले होते आणि नत्थुजींनी भाजीचं पातेलं डोक्यावर घेऊन जीव वाचवला होता. आणि आश्चर्य म्हणजे सगळे थेट सरांच्या दारात आले. किशोरनं वाकून नमस्कार केला. "सर, चुकलो. पुढच्या रविवारी तुमचा सत्कार. शाल-श्रीफळ." त्यानं सोबत एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराला आणलं होतं, शिवम त्याचं नाव. त्यानं सरांचा टेंगळासकट फोटो काढला. सरांना नाही म्हणायचं होतं. पण इतके लोक अंगणात उभे राहून आपल्या तोंडाकडे पाहत आहेत, हे त्यांना पुन्हा कधी मिळणार होतं?

"मला शुक्रवारीच पक्कं ठाऊक होतं," ते म्हणाले. "शंभर टक्के."

शिवमनं लिहून घेतलं. बातमी एक दिवस सोडून, मंगळवारी येणार होती.

सोमवारी पहिल्या गाडीनं सर चांदूर बाजारला गेले. गावापासून बागेपर्यंत ते चालत गेले. हवा अजून बोचत होती. बागेत झाडांवर पानं नव्हती, फांद्यांची सालं निघालेली, आणि खाली सगळीकडे संत्री. पिवळी झालेली, फुटलेली, चिखलात अर्धी रुतलेली. इतका गोड वास सुटला होता की सरांनी मफलर नाकाला लावला. देवराव बांधावर बसले होते. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

पार्बताबाई टोपलं घेऊन धड राहिलेली संत्री निवडत होती. भाऊ दिसला तशी ती उठली आणि आधी झोपडीत जाऊन तिनं चुलीवर चहा ठेवला. सर टोपल्याजवळ बसले आणि निवडू लागले. चहा ठेवून तीही येऊन समोर बसली.

"दादा," ती मग म्हणाली, हातातल्या संत्र्याचा चिखल पुसत. "एक इचारू? राग नको मानू. तुले मालूम होतं काय रे?"

सरांनी मान वर केली नाही. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत अचूक अंदाज हाच होता. तो सगळ्या अमरावतीला ऐकवावा म्हणून त्यांनी देवाकडे गारा मागितल्या होत्या.

"नाही वं," ते म्हणाले. "मले कुठून मालूम असन?"

"तेच म्हनलं मी," पार्बताबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "हे कालपासून म्हनून राहिले का त्याले मालूम होतं, मुद्दाम नाही सांगतलं. मी म्हनलं, माह्या भावाले मालूम असतं तं तो रातच्या रात पायी आला असता सांगाले."

चहा उतू गेला. ती पळत आत गेली.

परतीच्या गाडीत सरांनी शिवमला फोन लावला.

"ती बातमी छापू नका."

"सर, पान लागून राहिलं! चांगली चार कॉलम आहे. फोटो आहे. काऊन, काय झालं?"

"ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

गाडीत शेजारी एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. समोर दोन कॉलेजची पोरं होती. सरांनी आवाज खाली आणला, पण गाडीच्या आवाजात तो शिवमला ऐकू येईना. शेवटी ते ओरडलेच, "मला काही मालूम नव्हतं! मी अंदाजे लिहून दिलं होतं! तुक्का होता तुक्का!"

सगळ्या गाडीनं वळून पाहिलं. कोंबडीनंसुद्धा.

मंगळवारी बातमी आली. चार कॉलमची दोन झाली होती, पण फोटो तोच होता, टेंगळासकट. मथळा होता: 'हवामानतज्ज्ञ म्हणवणाऱ्या निवृत्त शिक्षकाची कबुली: तो तर तुक्का होता!' खाली शिवमनं समाजमाध्यमांवरच्या अफवांपासून सावध राहण्याचं आवाहन केलं होतं.

सकाळी सर दूध आणायला गेले तेव्हा बाकावर पेपर उघडलेला होता.

"सर, हे काय?" नत्थुजी म्हणाले. "आमी तुमाले ज्ञानी समजून पाया पडलो, अन तुमी तुक्का मारून राहिले होते?"

"शाल आणली होती, सर," किशोर म्हणाला. "बरं झालं दुकानदार परत घेतो म्हणाला." बाकावरचे सगळे हसले. या वेळचं हसणं आधीपेक्षा मोकळं होतं. आपल्या हातून शहाण्या माणसाची टिंगल झाली ही जी बोच दोन दिवस लागून राहिली होती, ती निघून गेली होती.

सर दूध घेऊन घरी आले. इंदूबाईंनी पेपर वाचला होता. त्यांना शुक्रवारचा फोन ठाऊक होता, शनिवारचं ओरडणं ठाऊक होतं. त्यांनी पेपराची घडी घातली, सरांच्या समोरून उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्याबद्दल त्या तेव्हा बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत, आणि ढोके सरांना ते नत्थुजींच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

दुपारी फोन आला.

"दादा, पेपरात आला तू!" पार्बताबाईचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता. "लोकं हसून राहिले असतीन नं तुले? हसू दे. मी तं पेपर घेऊन गेली अन ह्याईच्या पुढे ठेवला. म्हनलं, वाचा आता. छापून आलं, त्याले काही मालूम नव्हतं. उगीच माह्या भावावर आळ घेत होते. हे गप्प बसले. मनाले लागलं त्याईच्या. म्हनले, तुह्या भावाची माफी मागतो. देऊ काय फोन?"

सरांनी डोळे मिटले.

"दे," ते म्हणाले.